एक नट, सोळा तास

खालची माणसं कल्पित आहेत, चुका मात्र खऱ्या. कुठली कधी झाली हे लक्षात राहावं म्हणून वेळ लावून सांगतो.

शनिवार, दुपारी ४. अपघाताला १६ तास.
पुण्यातल्या एका सोसायटीचं पार्किंग. गाडी खालच्या व्हेरिएंटची, म्हणून मालकाने कुर्ल्याच्या भंगार बाजारातून ऑडिओ बटणांचं जुनं स्टिअरिंग आणलंय. मदतीला मेहुणा. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढली आणि लगेच एअरबॅगला हात घातला. धडकेत बॅटरी तुटली तरी एअरबॅग उघडावी म्हणून तिच्या कंट्रोल युनिटमधला कपॅसिटर थोडा वेळ चार्ज धरून ठेवतो. मॅन्युअल थांबायला सांगतं ते यासाठीच. एअरबॅग साधारण ३० मिलिसेकंदांत फुगते. तेवढ्यात हात मागे घेता येत नाही. त्या दिवशी काही झालं नाही आणि दोघांची भीड चेपली. काढलेली एअरबॅग फरशीवर पालथी ठेवली. ती नेहमी कव्हरची बाजू वर करून ठेवायची, नाहीतर फुटली तर अख्खं युनिट वर उडतं.

संध्याकाळी ५. १५ तास.
शेजाऱ्याकडून आणलेल्या सॉकेटने मधला नट पूर्ण काढला आणि जोर लावून ओढलं. स्टिअरिंग एकदम सुटून मालकाच्या ओठावर बसलं. नट तीन-चार आट्यांवर ठेवून ओढलं असतं तर ते तिथेच अडकलं असतं. नट हरवू नये म्हणून त्याने शर्टाच्या खिशात टाकला.

ओठाला बर्फ लावेपर्यंत मालकाच्या मुलाने उघडी पडलेली क्लॉक स्प्रिंग गरागरा फिरवून पाहिली. तिच्यात एअरबॅगची आणि हॉर्नची तार चपट्या पट्टीसारखी गुंडाळलेली असते. दोन्ही बाजूंना ठरावीक फेरे, मध्य चुकला की पट्टी तुटते.

६:४५. सव्वातेरा तास.
अंधार पडला. जुळणीची खूण केलीच नव्हती, भंगारातून आणलेलं स्टिअरिंग अंदाजाने शाफ्टच्या दात्यांवर दाबलं. शेजारी सॉकेट परत मागायला आला.
"दाजी, हलत नाहीये बघा, पक्कं बसलंय," मेहुणा म्हणाला.
"नट सकाळी लावू. एअरबॅग अडकवून ठेव, धूळ जाईल."
एअरबॅग खटकन बसली.

माझ्या मते अपघात इथेच घडला. दाते घर्षणाने इतके घट्ट धरतात की नट नाही हे हाताला कळत नाही, आणि एअरबॅग बसली की डोळ्यांनाही दिसत नाही. हे कारखान्यातही घडलंय. २०२३ मध्ये अमेरिकेच्या वाहन सुरक्षा यंत्रणेने टेस्लाच्या मॉडेल वाय गाड्यांची चौकशी सुरू केली, कारण दोन गाड्यांची स्टिअरिंग चालता चालता निघून आली होती. दोन्ही गाड्यांत दुरुस्तीसाठी स्टिअरिंग कारखान्यातच काढून परत बसवलं होतं. मधला बोल्ट राहून गेला होता. सगळी भिस्त दात्यांच्या घर्षणावर. प्रशिक्षित माणसांकडून जे सुटलं, ते अंधारात, सुजलेल्या ओठाने काम करणाऱ्याकडून सुटणारच.

रविवार, सकाळी ६. दोन तास.
माणगावला पूजेला वेळेत पोचायचं होतं. घाईघाईत बॅटरी जोडली. गेटातून वळताना स्टिअरिंग टोकापर्यंत फिरलं, क्लॉक स्प्रिंगची पट्टी तुटली, एअरबॅगचा दिवा लागला. "होईल रीसेट," म्हणून गाडी तशीच काढली. नट कालच्या शर्टाच्या खिशात, शर्ट धुवायच्या टोपलीत.

मुळशीपर्यंतचा रस्ता नीट पार पडला. हात स्टिअरिंगवर हलके होते.

सकाळी ८. ताम्हिणी घाट.
उतारावर तीव्र वळण. सीटवर घसरलेलं अंग सावरायला त्याने स्टिअरिंग धरून स्वतःला वर ओढलं. स्टिअरिंग मांडीवर आलं. चाकं होती तशीच राहिली, गाडी सरळ गेली आणि डोंगराच्या बाजूच्या गटारात आदळली. एअरबॅग उघडली नाही. मालकाचं मनगट आणि दोन बरगड्या मोडल्या. दरी पलीकडच्या बाजूला होती.

घरी हे काम करणार असाल तर टॉर्क रेंच आधी आणा. नसेल तर गाडी गॅरेजला न्या. नट मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आवळा, नट आणि शाफ्ट मिळून रंगाची एक रेघ ओढा, तिचा फोटो काढा. त्यानंतरच एअरबॅग लावा. आणि काम अर्धवट ठेवून उठावं लागलं तर बॅटरी जोडू नका, गाडीची चावी घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या.