मरामत, जीर्णोद्धार, पुनरुज्जीवन : मामा तलावांची गोष्ट

१/ गोंदिया जिल्ह्यात ‘मामा’ हे केवळ नाते नव्हे. तो तलावाचा एक प्रकार आहे. कागदोपत्री ‘मा. मा. तलाव’, म्हणजेच ‘माजी मालगुजारी तलाव’. अलीकडे या नावापुढे एक शब्द हमखास येतो : पुनरुज्जीवन. या शब्दाने नेमके काय परत आणायचे असते, याचा हा धागा.

२/ तलाव आधीचे, मालगुजारी नंतरची. पूर्व विदर्भात असे सहा-सात हजार तलाव आहेत. त्यांतील कित्येक कोहळी समाजाने बांधले. नवेगाव बांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरा सांगते. ‘माल’ म्हणजे महसूल, ‘गुजारी’ म्हणजे भरणा. १८६०च्या दशकातील जमाबंदीत इंग्रजांनी मालगुजारांना गावांचे मालकी हक्क दिले आणि तलावही त्यांच्या नावावर चढले.

३/ स्वातंत्र्यानंतर हा भाग मध्य प्रदेशात होता. तेथील १९५० च्या कायद्याने मालकी हक्क संपुष्टात आले आणि ३१ मार्च १९५१ रोजी तलाव शासनाकडे गेले. ‘माजी’ हे विशेषण मालगुजारीचे. परंतु पुढे अनेक ठिकाणी गाळ साचत गेला आणि जणू तलावच माजी ठरले.

४/ मोडके सावरण्यासाठी मराठीत जुना शब्द आहे ‘मरामत’. तो अरबीतून फारसीमार्गे आला आणि किल्ल्यांच्या कागदपत्रांत रुळला. तट ढासळला, बांधून काढला, खर्च लिहिला, काम संपले. तलावाची पाळ फुटली, तर मरामत पुरते.

५/ दुसरा शब्द ‘जीर्णोद्धार’. जीर्ण म्हणजे झिजलेले, उद्धार म्हणजे वर उचलणे. येथे उचलणारा कोणी तरी लागतो, म्हणून या शब्दाजवळ बहुधा दात्याचे नाव असते. अहिल्याबाई होळकरांनी १७८०च्या सुमारास काशी विश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभारले. त्या कार्याला आपण सहज जीर्णोद्धार म्हणतो.

६/ ‘पुनरुज्जीवन’ वेगळे आहे : पुनर् + उद् + जीवन. पुन्हा जगू लागणे. येथे दाता निमित्तमात्र, जगायचे त्या वस्तूनेच. संस्कृतात ‘जीवन’ हे पाण्याचेही नाव आहे. अमरकोशात पाण्याच्या पर्यायांत ते येते. तलावासाठी याहून नेमका शब्द सापडणे कठीण.

७/ म्हणूनच केवळ गाळ उपसण्याला पुनरुज्जीवन म्हणावे का, हा प्रश्न उरतो. यंत्राने तळ सरसकट खोल केला, तर काठाचा उथळ उतार जातो. पाणवनस्पती तेथेच रुजतात आणि मासे त्यांच्याच आधाराने वाढतात. पाणी अधिक साठेल, जीवन मात्र उणे होईल.

८/ अर्जुनी मोरगाव तालुक्यातील ढिवर समाजाच्या स्त्रियांनी दुसरी वाट दाखवली. त्यांच्या गटांनी तलावांतील बेशरमाची झुडपे उपटली, तळाची जमीन नांगरून तयार केली आणि स्थानिक पाणवनस्पती लावल्या. मासेमारीवर जगणाऱ्या समाजाला ठाऊक होते की माशांआधी त्यांचे अन्न आणि आसरा परत यावा लागतो.

९/ आणखी एक शब्द याच मुलखाचा : ‘निस्तार’. गावकऱ्यांचे पाणी, सरपण, चराई यांवरचे रूढ हक्क. ते निस्तार पत्रकात आणि ‘वाजिब-उल-अर्ज’ या दस्तऐवजात नोंदले जात. पाळ आणि सांडवा शासन बांधू शकते. पण पाणी कोणाला, केव्हा, किती, हे ठरवणारी गावाची रीत निविदेतून येत नाही. ती परतली नाही, तर झाली ती मरामतच.

१०/ तुमच्या गावच्या तलावावरील फलक एकदा नीट वाचा. त्यावर शब्द कोणता आहे आणि पाण्यात काम कोणते दिसते? दोन्ही येथे लिहा.