मनाचा तळ: अजिंठा ते व्हिएन्ना



माझ्या वर्गांतील एका मुलाचा उजवा हात लिहितांना एकाएकीं ताठ होई. खेळतांना मात्र कांहीं नसे. ढोंग समजून मीं त्याला छड्या मारल्या. पुढें कळलें कीं, विहिरीवर धाकट्या भावाचा हात त्याच्या त्याच हातांतून निसटला होता. दोहोंचा संबंध होताच असें मी म्हणत नाहीं. परंतु मीं त्याला विचारलें नाहीं, एवढें खरें. त्या सलापायीं निवृत्तीनंतर सुप्त मनाच्या अभ्यासाचा इतिहास वाचूं लागलों.

त्याचा एक उगम घराजवळच सांपडला. अजिंठ्याचीं लेणीं आमच्या सोयगांव तालुक्यांत आहेत. पांचव्या शतकांत वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव यानें तेथील सोळावें लेणें कोरविलें. साधारण त्याच काळांत गांधारांतील असंग व वसुबंधु हे बंधु मनाचा तळ शोधीत होते. पांच इंद्रियांचीं ज्ञानें, विचार करणारें मन आणि 'मी'पणा यांच्याही खालीं आठवें 'आलयविज्ञान' वाहतें व प्रत्येक कृतीचें बीज त्यांत सांठतें, असें त्यांचें मत. उन्हाळ्यांत उजाड दिसणाऱ्या काळ्या रानांत गवताचें बीं असतेंच. मृगाचा पाऊस पडला कीं तें वर येतें, तसें हें. वसुबंधूच्या परंपरेंतील दिङ्नाग महाराष्ट्रांतील डोंगरांतल्या एका विहारांत राहत असे, असें सातव्या शतकांतील प्रवासी ह्युएनत्संग लिहितो. तो विहार अजिंठ्याचाच, असें पुष्कळ विद्वान मानतात.

मग 'आमच्याकडे सारें होतेंच' म्हणून थांबावें काय? तसें करणें योग्य नव्हे. भिक्षूंना मोक्ष साधावयाचा होता. रोग्याच्या उशाशीं बसून त्याची कहाणी ऐकण्याची वैद्यकीय रीत व्हिएन्नाची. तेथें १८८० ते १८८२ या काळांत डॉक्टर ब्रॉयर एका तरुणीवर उपचार करीत होते. आजारी पित्याजवळ जागतांना एके रात्रीं तिला सापाचा भास झाला आणि तिचा उजवा हात आंखडला. ब्रॉयर तिच्या आठवणी ऐकत बसत. ही हकीकत त्यांनीं व फ्रॉइड यांनीं १८९५ सालीं प्रसिद्ध केली. ती पूर्ण बरी झाली काय, याविषयीं पुढें शंका निघाल्या. परंतु ऐकण्याची रीत टिकली. १९२२ सालीं गिरींद्रशेखर बोस यांनीं कलकत्त्यास मनोविश्लेषणाची संस्था स्थापिली.

तो मुलगा पुन्हां समोर आला, तर त्याला जवळ बसवून मी एवढेंच विचारीन, "बाळ, हा हात केव्हांपासून असा होतो?" आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहीन.