पाश्चर संस्थेच्या माळ्यावर

लॅक ऑपेरॉनची, म्हणजे जीवाणूंच्या लॅक्टोज पचवणाऱ्या जनुकसमूहाची, आकृती मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आले. डीएनएवर रिप्रेसर (जनुकं रोखणारं प्रथिन) बसला की जनुकं बंद, लॅक्टोज आला की तो उठतो. ही आकृती कुठे आणि कशी घडली हे सांगायला तासिका पुरत नाही, म्हणून इथे लिहिते.

पॅरिसच्या पाश्चर संस्थेत छपराखालच्या माळ्यावर आंद्रे ल्वॉफ यांची प्रयोगशाळा होती. डिसेंबर १९४० मध्ये, शहर जर्मनांच्या ताब्यात असताना, सॉर्बॉनचे झाक मोनो त्यांना एक आलेख दाखवायला आले. जीवाणूंना दोन साखरा एकदम दिल्या तर ते आधी ग्लुकोज फस्त करत, मग वाढ खुंटे, आणि काही वेळाने दुसऱ्या साखरेवर पुन्हा सुरू होई. दोन चढ, मध्ये सपाट पायरी. गरज पाहून विकरं बनवण्याचं हे प्रकरण असावं, अशी शंका ल्वॉफ यांनी बोलून दाखवली. पुढे मोनो भूमिगत चळवळीत शिरले, सॉर्बॉनमध्ये काम करणं धोक्याचं झालं, तेव्हा याच माळ्याने त्यांना आसरा दिला.

१९५० मध्ये फ्रांस्वा झाकोब तिथे आले. शल्यविशारद व्हायचं त्यांचं स्वप्न १९४४ मध्ये नॉर्मंडीत झालेल्या जखमांनी संपवलं होतं. मोनो आणि झाकोब यांचा रिप्रेसरचा सिद्धांत १९६१ मध्ये छापून आला, आणि १९६५ चं नोबेल ल्वॉफ यांच्यासह तिघांना मिळालं.

पण मला खटकतं ते पुढेच. मोनो यांच्या चंबूत दुसरी साखर पहिल्यापासून होतीच! मग जीवाणू तिला शिवत का नव्हते? एकटा रिप्रेसर याचं उत्तर देत नाही.

उत्तराचा धागा अमेरिकेत, यकृतावरच्या संशोधनात सापडला. ॲड्रिनलिनचा निरोप पेशीच्या आत पोचवणारा सायक्लिक एएमपी हा रेणू अर्ल सदरलँड यांनी तिथे शोधला होता. १९६५ मध्ये तो ई. कोलाय या जीवाणूमध्येही आढळला, ग्लुकोज असेपर्यंत कमी, संपलं की वाढलेला. १९६८ मध्ये आग्नेस उलमान यांनी मोनो यांच्यासोबत दाखवलं की, हा रेणू बाहेरून घातला तर ग्लुकोजचा लगाम सैल होतो. उलमान हंगेरीच्या. १९६० मध्ये मोनो यांनीच त्यांना लपवून सीमेपार आणवलं होतं. मुलांच्या वहीत हे नाव मला कधी दिसलं नाही.

१९७० पर्यंत साखळीचा शेवटचा दुवाही हाती आला. सायक्लिक एएमपी पकडून डीएनएवर बसणारं आणि जनुक वाचणाऱ्या पॉलिमरेज विकराला हात देणारं सीआरपी हे प्रथिन. (ग्लुकोज लॅक्टोजला आत शिरायलाही अडवतं, पण तो वेगळा धडा.) आपल्या यकृतात उपाशीपोटी ग्लुकॅगॉनचा निरोप येतो तेव्हाही हाच रेणू वाढतो. फरक इतकाच, की तो स्वतः डीएनएकडे जात नाही. एका कायनेज विकराला जागं करतो, ते सीआरईबी या प्रथिनाला फॉस्फेट चिकटवतं, आणि साखर बनवणारी जनुकं चालू होतात.