विमान कुणासाठी थांबतं?

पावसाळ्यातली गोष्ट. शेजारचा मुलगा दाबोळीहून मुंबईला आणि तिथून रात्रीच्या विमानानं आखातात नोकरीवर निघाला होता. दाबोळीलाच दोन तास गेले. मुंबईत पोचला तेव्हा पुढचं विमान उडालं होतं. त्याची आई म्हणाली, "बेतीची फेरीबोटसुद्धा धावत येणाऱ्यासाठी थांबते. मग विमानाला काय झालं?"

प्रश्न साधा, पण उत्तराला थोडा इतिहास आहे.

अमेरिकेत १९७८पर्यंत देशांतर्गत विमानमार्ग आणि भाडी सरकारी मंडळ ठरवायचं. त्या वर्षी ही बंधनं उठवणारा कायदा झाला आणि मोठ्या कंपन्यांनी आपली विमानं एकेका मुख्य शहरात एकाच वेळी आणून पुन्हा सोडायला सुरुवात केली. अटलांटात हा प्रकार आधीपासून होता, आता तो सगळीकडे पसरला. हिशेब बघा. २० शहरं एकमेकांना थेट जोडायची तर १९० मार्ग हवेत; मध्ये एक केंद्र ठेवलं की २० पुरतात. पण मग एका विमानाचा उशीर सगळ्यांच्या गळ्यात. आठ जणांसाठी थांबलं, तर आत बसलेल्या इतरांची पुढची विमानं चुकणार, वैमानिकांचे कामाचे तास संपत येणार.

त्यात १९८७पासून तिथलं सरकार कंपन्यांच्या वक्तशीरपणाचे आकडे जाहीर करू लागलं. १५ मिनिटं किंवा जास्त उशीर झाला, की शेरा बसला!

युरोपात मात्र वारं उलट फिरलं. २००५पासून भरपाईचे नवे नियम लागू झाले. ब्रेमेनहून पराग्वेला निघालेल्या एका प्रवाशाचं पहिलं विमान अडीच तास उशिरा सुटलं, पुढची जोडणी चुकली आणि मुक्कामी पोचायला ११ तास उशीर झाला. २०१३मध्ये युरोपीय न्यायालयानं सांगितलं, उशीर शेवटच्या मुक्कामावर मोजायचा. म्हणजे न थांबण्याचीही किंमत आली. २०१९मध्ये युनायटेड कंपनीनं तर कुठलं विमान थोडं थांबवणं परवडेल हे संगणकाकडूनच काढून घ्यायला सुरुवात केली.

पण या सगळ्या हिशेबात शिरायला प्रवास एकाच बुकिंगवर लागतो. शेजारच्या मुलाची तिकिटं दोन कंपन्यांची, वेगवेगळी काढलेली. तेवढीच स्वस्त पडली म्हणून. दुसऱ्या कंपनीच्या लेखी तो वाटेत अडकलेला प्रवासी नव्हताच, नुसता गैरहजर होता.

फेरीवाल्याला धावणारा माणूस दिसतो. विमानवाल्याला तिकीट दिसतं. आखातात किंवा बोटीवर निघालेल्या आपल्या पोरांनी चार पैसे वाचवताना एवढं ध्यानात ठेवावं.