सायकलची चौकट : लोहाराच्या भट्टीपासून कार्बनच्या धाग्यापर्यंत



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर राजे, लढाया आणि तहनामे उभे राहतात. ओसरीत भिंतीला टेकून ठेवलेल्या सायकलीलाही इतिहास आहे, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. आज आपण तिच्या एकाच भागाचा इतिहास पाहू या. तो भाग म्हणजे तिची चौकट. दुकानदार जिला फ्रेम म्हणतो ती.

वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात जाम नावाचे गाव आहे. नागपूरहून दक्षिणेकडे निघालेला रस्ता येथे फुटतो. एक फाटा हिंगणघाटवरून हैदराबादकडे जातो आणि दुसरा वरोऱ्यावरून चंद्रपूरकडे. हैदराबादचा रस्ता पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ होता, आता तो क्रमांक ४४ आहे. श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंत जाणारा देशातला सर्वांत लांब महामार्ग तो हाच. काश्मीर ते कन्याकुमारी सायकलने जाणारी मंडळी याच रस्त्याने जातात. त्यांच्यापैकी एखाद्याची सायकल कधी उचलून पाहा. आपली काळी सायकल वीस किलोच्या आसपास भरते; ही आठ-नऊ किलोंची. नुसती चौकट तर किलोभराची. ती लोखंडाची नाही आणि अ‍ॅल्युमिनियमचीही नाही, ती कार्बनच्या धाग्याची आहे. अशा चौकटीवर जाड टायर चढवून, खडी-मुरमाच्या रस्त्यासाठी मुद्दाम जुळवलेल्या सायकलीला आज ग्रॅव्हल बाइक म्हणतात. आपण तिला मुरमाची सायकल म्हणू.

तुम्ही म्हणाल, हे श्रीमंतांचे खेळणे, आपला त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे. ही सायकल रस्त्यात मोडली, तर जामच्या चौरस्त्यावर ती दुरुस्त होईल का? हा साधा प्रश्न आहे, पण सायकलच्या दोनशे वर्षांच्या इतिहासाचे सार त्यात सापडते.

१८१७ साली जर्मनीतल्या मानहाइम गावी कार्ल फॉन ड्राइस याने दोन चाकांचे यंत्र केले. ते लाकडाचे होते. त्याला पायडल नव्हते. माणूस वर बसून पायांनी जमीन रेटायचा. पुढे १८६० नंतरच्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पायडल बसले. मग वेग वाढावा म्हणून पुढचे चाक वाढत वाढत माणसाच्या छातीएवढे झाले. त्यावरून पडणारा थेट डोक्यावरच पडे. अखेर १८८५ साली इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरात जॉन केम्प स्टार्ले याने सारख्या उंचीची दोन चाके आणि मागच्या चाकाला साखळी अशी ‘रोव्हर’ सायकल बाजारात आणली. तीन वर्षांनी, १८८८ साली, बेलफास्टच्या जॉन डनलॉपने आपल्या मुलाच्या तिचाकीसाठी हवेचे टायर केले. १८९०च्या सुमारास पोलादी नळ्यांची चौकट आपल्या ओळखीच्या आकारात स्थिरावली. तिच्यात दोन त्रिकोण असतात. त्रिकोणाच्या बाजूंची लांबी बदलल्याशिवाय त्याचा आकार बदलत नाही. चौकोन मात्र दाबला की कलतो. शाळेतला भूमितीचा हा नियमच या सायकलचा कणा आहे.

त्या काळी डांबरी रस्ते फारसे नव्हतेच. युरोपातले सायकलवालेसुद्धा धूळ, खडी आणि चिखल तुडवीत जात. म्हणजे मुरमाची सायकल ही आजची नवलाई नव्हे; सायकल जन्मली तीच मुरमाच्या रस्त्यावर.

१९१३ सालची एक गोष्ट सांगतो. टूर दी फ्रान्स या शर्यतीत यूजेन क्रिस्टोफ हा नामांकित स्वार तूरमाले घाट उतरत असताना त्याच्या सायकलचा पुढचा चिमटा मोडला. बाहेरची मदत घ्यायची नाही, असा शर्यतीचा कडक नियम होता. सायकल खांद्यावर टाकून तो कित्येक किलोमीटर चालत खालच्या सांत-मारी-द-काँपाँ गावी पोहोचला. तिथे लोहाराची भट्टी होती. त्याने स्वतः लोखंड तापवले, ऐरणीवर ठोकले आणि चिमटा सांधला. त्यात काही तास गेले. पंच शेजारी उभे राहून पाहत होते. भाता हलवायला एक पोरगा त्याने घेतला, एवढ्याने पंचांनी मदतीचा ठपका ठेवून त्याला दंडाची मिनिटे लावली! शर्यत त्याच्या हातून गेली, पण त्याचे नाव राहिले. लोखंडी सायकल खेड्यातल्या लोहाराच्या आटोक्यात होती, हे ही गोष्ट सांगते.

आपल्याकडे सायकल आली ती परदेशी छापाची : रॅले, हर्क्युलस, बी.एस.ए. यांपैकी बी.एस.ए. ही मुळात बर्मिंगहॅमची बंदुका करणारी कंपनी. म्हणून तिच्या खुणेत तीन बंदुका. ठराविक मापाचे, एकमेकांच्या जागी बसणारे सुटे भाग करण्याची शिस्त बंदुकीच्या कारखान्यातून सायकलीत आली. पुढे मुंबईत वरळीला हिंद सायकल, मद्रासला टी.आय., आसनसोलला सेन-रॅले, १९५१ साली सोनीपतला अ‍ॅटलास आणि १९५६ साली लुधियानाला हीरो असे देशी कारखाने उभे राहिले. सायकल घरोघर झाली. दूधवाला, पोस्टमन, गुरुजी, बाजाराला निघालेला शेतकरी, सगळे तिच्यावर आले.

ती गावात टिकली ती मापांमुळे. एका गावचा एक्सेल दुसऱ्या गावच्या सायकलीला बसे. छर्रे, कॉटर पिन, आरे, फ्रीव्हील हे सगळे बाजारात सुटे मिळे. मिस्त्रीकडे दोन-चार पाने, एक हातोडी आणि पंक्चरचे सामान असले की दुकान उभे राही. खरे म्हणजे कित्येक सायकली कारखान्यातून पुऱ्या आल्याच नाहीत. मिस्त्रीनेच भाग जुळवून त्या उभ्या केल्या. तेव्हा चौकट घ्यावी आणि आपल्याला हवी तशी सायकल जुळवावी, ही रीतही आपल्याला नवी नाही.

एक उणीव मात्र होती. चौकट बावीस इंची नाही तर चोवीस इंची. माणसाने सायकलच्या मापात बसायचे! पोरे दांड्याखालून पाय घालून कैची चालवीत, ते यामुळेच.

आता कार्बनकडे वळू. अमेरिकेतल्या डेटन गावी राइट बंधूंचे सायकलचे दुकान होते. १८९६पासून ते स्वतः सायकली करीत. १९०३ साली त्यांनी विमान उडवले, तेव्हा त्याचे पंखे फिरवायला सायकलीसारखीच साखळी लावली होती. सायकलने विमानाला दिलेले हे ऋण पुढे फिटले. १९६०नंतर इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या विमान संशोधन संस्थेत बळकट कार्बन धाग्यावर काम झाले आणि तो धागा कालांतराने सायकलीत आला. १९८६ साली टूर दी फ्रान्स जिंकणारा ग्रेग लेमॉन्ड कार्बनच्या चौकटीवर बसला होता.

हा धागा आपल्याला परका वाटू नये. ज्या अ‍ॅक्रिलिकचे स्वेटर होतात, त्याच जातीचा तंतू हवेतला ऑक्सिजन लागू न देता हजार अंशांच्या वर तापवतात. उरतो तो जवळजवळ शुद्ध कार्बन. त्या तंतूचे पट्टे राळेत भिजवून साच्यात थरावर थर बसवतात आणि भट्टीत पक्के करतात. ताण ज्या दिशेने येणार, त्या दिशेने धागा ठेवायचा. टोपली विणणारा कामट्या आडव्या-उभ्या घालतो, तसाच हा हिशेब. हिंगणघाटचा कापूस एके काळी परदेशी बाजारात नावाने ओळखला जाई. धाग्याचे बळ त्याच्या पिळात आणि दिशेत असते, हे या मुलखाला कोणी नव्याने शिकवायला नको.

अशा चौकटीवर सायकल जुळवताना आधी स्वाराच्या पायाची, धडाची आणि हाताची लांबी मोजतात. मग चौकटीची बोल्ट-भोके, एक्सेलची जाडी आणि पायडलच्या धुरीची नळी पाहतात. धुरीसाठी जुने आट्यांचे माप आहे, आणि दाबून बसवायची नवी मापेही अनेक आहेत. येथे चुकले तर भाग बसतच नाही. पुढे चाके, तेलाच्या दाबावर चालणारे डिस्क ब्रेक, गियर आणि खाली वळलेले, टोकांना फाकलेले हँडल. टायर चाळीस मिलिमीटरच्या आसपास रुंद. आता गंमत पाहा. आपल्या काळ्या सायकलचा दीड इंची टायरही जवळजवळ तेवढाच! शंभर वर्षांपूर्वीच्या कारागिराने खराब रस्त्यासाठी काढलेले माप आज पुन्हा योग्य ठरले आहे. फरक इतकाच की नव्या टायरमध्ये ट्यूब नसते. आत पातळ चीक घालतात. बाभळीचा काटा रुतला की तो चीकच भोक बुजवतो.

अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावी २००६ साली शेतशिवारातल्या खडीच्या रस्त्यांवरून दोनशे मैलांची शर्यत सुरू झाली आणि या सायकलींना जोर आला. आपल्या विदर्भातही लांब पल्ल्याची हौस कमी नाही. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत बारा दिवसांच्या मुदतीत एकट्याने पुरी केली. पुढच्याच वर्षी मॉस्को ते व्लादिव्होस्तोक हे नऊ हजारांहून अधिक किलोमीटरचे अंतर त्यांनी कापले.

तर मग पहिला प्रश्न. ही सायकल जामला दुरुस्त होईल का? भाता आणि ऐरण येथे चालणार नाहीत. लोखंड वाकते, म्हणजे आधी सूचना देते. कार्बनला आतून तडा गेला, तर वरून तो दिसेलच असे नाही. पण म्हणून हात टेकायला नकोत. माठ घेताना आपण टिचकी मारून पाहतो. जाणकार कारागीरही नाण्याने चौकट वाजवून पाहतो आणि आवाज बद्द आला की सावध होतो. मग पक्क्या खात्रीसाठी यंत्राने तपासणी करतात. तडकलेला भाग घासून, नवे थर चढवून चौकट सांधताही येते. बोल्ट मात्र अंदाजाने आवळायचा नाही. चौकटीवरच आकडा लिहिलेला असतो, समजा ५ न्यूटन-मीटर. म्हणजे दहा सेंटीमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे पाच किलो वजनाचा जोर. त्यासाठी वेगळा पाना मिळतो. हातोडीची जागा मोजमापाने घेतली आहे, एवढाच बदल.

पुण्याचे निवृत्त स्क्वाड्रन लीडर शशिशेखर पाठक यांनी तर बांबूच्या चौकटीच्या सायकली करून दाखवल्या. बांबू हाही निसर्गाने केलेला, राळेत बसवलेला धागाच. तो चंद्रपूरच्या जंगलात भरपूर आहे, आणि तिकडे जाणारा रस्ता जामवरूनच जातो.

शिक्षक बंधुभगिनींना शेवटी एक विनंती. १९३७च्या ऑक्टोबर महिन्यात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या कामातून शिक्षण द्यावे हा नई तालीमचा विचार देशापुढे आला. तेव्हा साधन होते चरखा. आज शाळेच्या आवारात मुलामुलींच्या सायकली रांगेने उभ्या असतात. त्यांतली एक आठवड्यातून एकदा उघडा. त्रिकोण का डळमळत नाही, साखळीच्या चक्रांचे दात मोजून गुणोत्तर कसे काढायचे, डाव्या पायडलचे आटे उलटे का, हे मुलांच्या हातांनीच त्यांना कळू द्या. चौकट लोखंडाची असो, बांबूची असो की कार्बनची, जिथे तिची मापे जाणणारा माणूस आहे, तिथलीच ती सायकल होते. असा माणूस गावात तयार करणे शाळेच्या हातात आहे.