गोरेपणाची क्रीम, सुरमा आणि भुवया

निकाह ठरला की नंदुरबार असो वा शहादा, घरात गोरेपणाच्या क्रीमचा विषय निघतोच. म्हणून अकोल्याचं उदाहरण माहीत असू द्या. तिथे ब्युटिशियनकडची क्रीम लावून एक विद्यार्थिनी, तिची आई आणि बहीण, तिघींच्या किडनीला सूज आली. 2022 मधलं हे प्रकरण. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी उलगडलं. क्रीममध्ये पारा निघाला. केरळच्या मलप्पुरमकडेही असे रुग्ण सापडले.

पारा त्वचेतलं मेलॅनिन तयार होणं रोखतो, त्यामुळे चेहरा लवकर उजळतो. (लवकर उजळतो, हीच शंकेची जागा!) पण तो कातडीतून रक्तात आणि तिथून किडनीत जातो. आईच्या हातावरून, उशीवरून बाळालाही लागतो. लघवीला फेस येत असेल, पाय किंवा चेहरा सुजत असेल तर क्रीम बंद करा आणि डबीसकट डॉक्टरांकडे जा. डबीवर घटक, बॅच नंबर, कंपनीचा पत्ता नसेल, किंवा 'मर्क्युरी', 'कॅलोमेल' लिहिलेलं असेल तर घेऊच नका.

सुरमा आपण सुन्नत म्हणून लावतो. मात्र बाजारातल्या बऱ्याच सुरम्यात शिसं असतं, त्यामुळे तान्ह्या बाळाच्या डोळ्यात नको.

भुवयांबाबत बुखारी आणि मुस्लिम शरीफमध्ये इब्ने मसऊद (रजि.) यांची हदीस आहे, चेहऱ्याचे केस उपटण्याला त्यात मनाई आहे. तपशिलात उलमांचे मतभेद आहेत, आपल्या आलिमांना विचारा. पार्लरमध्ये थ्रेडिंगचा दोरा दातात धरतात, तेव्हा निदान नवा दोरा मागायला लाजू नका.