तळटीप : ‘ग्रंथीची भुकटी’

लेखिकेने इथे सांगितलेली ‘ग्रंथीची भुकटी’ म्हणजे डुकराची थायरॉइड ग्रंथी वाळवून, दळून केलेली गोळी. मंदावलेल्या थायरॉइडवर ग्रंथीचाच अर्क देण्याचा उपाय इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे यांनी १८९१ साली मेंढीच्या ग्रंथीपासून केला. त्यांची ती रुग्ण पुढे २८ वर्षे जगली. आज आपल्याकडे डॉक्टर सहसा देतात ती कारखान्यात बनवलेली लेव्होथायरॉक्सिनची गोळी. भुकटी नैसर्गिक म्हणून अधिक चांगली, हा लेखिकेचा समज मात्र तसाच सोडणे आम्हाला योग्य वाटत नाही. डुकराच्या ग्रंथीत टी-३ हे संप्रेरक माणसाच्या मानाने बरेच जास्त असते. ते रक्तात झपाट्याने चढते, छातीत धडधड होऊ शकते. गरोदरपणात तर ही भुकटी नकोच.

लेव्होथायरॉक्सिन शरीरात निम्मे व्हायला सुमारे ७ दिवस लागतात, टी-३ला जेमतेम एक. पर्लकोटेला पूर येऊन भामरागडची वाट बंद होते, तेव्हा हा फरक मोलाचा ठरतो : दोन दिवस गोळी चुकली तरी लेव्होथायरॉक्सिन घेणारी बाई एकदम ढासळत नाही. तरीही पावसाआधी गोळ्या घरात आणून ठेवाव्यात, घट्ट झाकणाच्या डब्यात, चुलीपासून लांब.

उपकेंद्रातून मिळणारी लोहाची गोळी लेव्होथायरॉक्सिनच्या गोळीसोबत कधीच घेऊ नये. लोह हिला आतड्यात शोषू देत नाही. ही पहाटे उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. चहा निदान अर्ध्या तासाने. लोहाची गोळी किमान चार तासांनी, जमल्यास रात्रीच्या जेवणानंतर. – संपादक